पोळ्याचा पट्टा

अवसेला, म्हणजे अमावास्येला, आमच्या घरी औत जुंपत नसत. पुढं बैल गेले, औत गेलं, अवस मात्र राहिली. मामंजींनी बैलजोडी विकून लाल ट्रॅक्टर आणला तेव्हा मी या घरात नव्हते. पण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगायच्या, की पहिल्याच अवसेला शेजारचा जळबा शेताला पाळी घालून मागायला आला, तर मामंजी म्हणाले, "आज त्याची सुट्टी हाय."

"लोखंडाला कशाची सुट्टी, लिंबाजीकाका?"

"तू रोज घेतोस, त्यानं एक दिस घेतली तर काय बिघडलं?"

त्या सुट्टीच्या दिवशीच ट्रॅक्टरचं सगळं व्हायचं. मामंजी बाभळीखाली पोतं अंथरायचे आणि नट खोलायचे पाने ओळीनं मांडायचे, लहान आधी, मोठा शेवटी. एअर क्लिनरची वाटी काढून पालथी केली की काळा चिखल निघायचा. लग्नानंतरच्या पहिल्या अवसेला मी चहा घेऊन गेले, तर मला ती वाटी दाखवली. "बग, सत्यशीला. महिनाभर यानं आपल्या वाट्याची धूळ गिळली." मग वाटी डिझेलनं धुवून, खुणेपर्यंत नवं ऑइल भरून परत बसवायचे. ग्रीस गन घेऊन एकेका निपलाशी उकिडवे बसायचे आणि जुनं ग्रीस बाहेर डोकावलं की "हां, पोट भरलं" म्हणून पुढच्याकडं सरकायचे. सगळ्यात शेवटी बॉनेट उघडून पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघायचे. बोटभर दबला की "बराबर."

गेल्या दिवाळीत माझी लेक झाली. अवसेच्या दिवशी मामंजी तिला सहजासहजी हात लावत नसत. आधी लाकडाच्या भुश्यानं हात चोळायचे, मग निरमानं, मग नखं काडीनं कोरायचे आणि तळवे स्वतःच हुंगायचे. एवढं करूनही डिझेलचा वास राहायचाच. ती त्यांच्या मांडीवर गेली की त्यांचं बोट धरून झोपायची. शिमग्याच्या तोंडावर मामंजी गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. त्यानंतर कितीतरी दिवस कुणाच्या गाडीत डिझेल ओतलं जात असलं, की लेक मान वळवून तिकडं बघायची.

तोवर ट्रॅक्टर चालवायचा माझ्या नवऱ्यानं, शिवहारनं, आणि पुसायचा मामंजींनी, अशी वाटणी होती. आता दोन्ही शिवहारकडं आलं. आखाडातल्या अवसेला तो पहिल्यांदा स्वतः पोतं अंथरून बसला. आधी वसमतला जाऊन नासेरचाचांच्या दुकानातून सामान आणलं होतं. मामंजींनी ट्रॅक्टर घेतल्यापासून पार्ट घेतला तो त्यांच्याकडूनच. सामान आणलं त्या दिवशी जेवताना शिवहार घुश्शात होता.

"ऑइल दिलं, फिल्टर दिला, पट्टा दिला. मंग अजून एक पट्टा काढून पुढं ठेवला. म्हणे, पोळ्याला लागंल. म्या म्हणलं चाचा, नवा घालून राहिलो, तर पोळ्याला दुसरा कशाला? तर नुसता हसला म्हातारा. दादा व्हते तवर सरळ व्हता. मला नवखा समजून माल चिकटवून राहिला."

"मग घेतला?"

"येडा हाव का म्या?"

त्यानं तो एकच पट्टा बसवला. नीट बसवला. अंगठ्यानं दाबून बघितला, मलाही दाबायला लावला. मी "बराबर" म्हणाले.

*

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. ज्यांच्याकडं बैल आहेत ते बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. आमच्याकडं ट्रॅक्टरची खांदेमळणी व्हायची. ट्रॅक्टर आला त्या साली आत्याबाई वाटी घेऊन बाहेर आल्या आणि त्यांना खांदा सापडेना. मामंजी तेव्हा बॉनेट उघडून उभे होते. त्यांनी गमतीनं पंख्याच्या पट्ट्यावर बोट ठेवलं, "हा बग, हाच वढतो रात न् दिस." आत्याबाईंनी ते खरं धरलं. तेव्हापासून दर साली त्या पट्ट्यालाच हळद-तूप लावत आल्या. बैलाचा खांदा मळताना त्यांचा हात जसा चाले तसाच चाले, अंगठ्याच्या खालच्या मांसानं, सावकाश.

या साली दिवेलागणीला त्या वाटी घेऊन उंबऱ्यातच थांबल्या. कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही.

"सत्यशीला, तू लाव गं."

"तुमी लावा की."

"मी आता..." त्यांनी वाटी माझ्यापुढं धरली.

मी लेकीला कडेवर घेतलं, बॅटरी दुसऱ्या हातात धरली आणि म्हणाले, "आत्याबाई, त्याला माझा हात ठावूक न्हाई. तुमचा हाय."

त्या आल्या. शिवहारनं बॉनेट उचलून धरलं. आमच्याच शेतातली हळद, घरचं तूप. त्यांनी पट्टा हाताला लागेल तेवढा सगळा चोळला, आतल्या बाजूनंही. एरवीपेक्षा जास्तच चोळला असेल. मग दोन्ही हात जोडून हळू म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." कुणाला म्हणाल्या, ते मी विचारलं नाही.

*

पोळ्याच्या दिवशी आमच्या गावात, कुरुंद्याच्या मारुतीपुढं तोरण बांधलं होतं. बैल आता थोडेच. झुली, बाशिंगं, शिंगांना हिंगूळ. मंगलाष्टकं झाली, तोरण तुटलं, बैलांच्या पाच फेऱ्या झाल्या आणि मग मागं थांबलेले ट्रॅक्टर निघाले. आमचा पुढं होता. गावात पहिला आमचाच आला, म्हणून तो मान होता. तो तासभर जागेवर चालूच ठेवलेला. मी बायकांत उभी होते. शेजारी आत्याबाई, आरतीचं ताट झाकून.

दुसरी फेरी झाली. तिसरीला देवळामागून येतानाच ट्रॅक्टर किंचाळल्यासारखा आवाज करायला लागला. तिसरी पुरी करून समोर येईतो बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली. शिवहारनं उडी मारून बॉनेट उघडलं आणि हात झटकत मागं सरला. पाणी भसाभस बाहेर येत होतं. पोरं टाळ्या पिटायला लागली. मागचे ट्रॅक्टर भोंगे वाजवायला लागले.

जळबानं आपला नवा ट्रॅक्टर पुढं आणून साखळी लावली. "काका सुट्टी देत व्हते महिन्याला," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "शिवहारनं तर कायमचीच दिली." माणसं हसली. शिवहार स्टेअरिंग धरून खाली बघत बसला आणि जळबा त्याला ओढत घराकडं घेऊन गेला.

तेवढ्यानं भागलं असतं. पण मागून रुक्माबाई बोलली. ती वाईट बाई नाही, तोंड आवरत नाही एवढंच. "चंद्रभागे, तू हात लावलास म्हनं काल खांद्याला? वर्ष बी झालं न्हाई. लेकाला तरी कळाया पायजे. आशा कामाला आपला हात चालत न्हाई, बाई."

आत्याबाईंनी ताटावरचा रुमाल सारखा केला. "व्हय," म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी सगळ्यांना पुरणपोळी वाढली. स्वतः घेतली नाही. लेक त्यांच्याकडं रांगत गेली, तर हात पदरात घेऊन म्हणाल्या, "घे गं हिला. माझे हात खरकटे हायेत." हात कोरडे होते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवहारनं पट्टा काढला. चकाकत होता, कडेनं जळाल्याचा वास येत होता. "बग. महिन्याचा पट्टा. डुप्लिकेट हाणला म्हाताऱ्यानं. आज त्याच्या गिऱ्हाइकांसमोर विचारतो त्याला. दुकानच बंद आपल्यासाठी."

आत्याबाई चुलीपुढून म्हणाल्या, "सत्यशीला, तू जा संगं. लेकराला बी ने. बायकू आन् लेकरू संगं आसलं की मानूस तोंड सांबाळतो." मग थोडं थांबून, तवा उतरवता उतरवता, "काय निघंल ते मला बी सांगा. काय बी निघालं तरी सांगा."

शिवहारला त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं.

मोटारसायकलवर मी मागं, लेक मधे. पट्टा कागदात गुंडाळून लेकीच्या पिशवीत. दोन्हीकडं हळद कमरेला लागलेली, पानांचा ओला वास. या रस्त्यानं मामंजी मला डोहाळजेवणाला माहेरी सोडायला आले होते, ट्रॅक्टरवर, पोत्यावर उशी ठेवून. खड्डा आला की आधीच सांगायचे, "धर." तेवढा एकच शब्द, सगळ्या रस्त्यानं.

वसमतला पोचेपर्यंत लेकीनं दूध उलटवलं. दुकानापुढं उतरून पिशवीतलं दुपटं काढलं तर त्याला मोठा पिवळा डाग. कागदातून पाझरला होता. मी नाकाशी नेला. रबराच्या वासाखाली तूप होतं, आणि आमची हळद.

मला सगळं एकदम कळलं. पट्टा घसरला होता. पंखा फिरला नव्हता. रुक्माबाईचं खरं होत होतं, तिला वाटलं तसं नव्हे, पण खरं. आणि घरी चुलीपुढं ती बाई विचारणार होती, काय निघालं.

शिवहार तोवर पट्टा घेऊन आत गेला होता. दुकान मी पहिल्यांदाच बघत होते. छतापासून पट्टे लोंबत होते, फळ्यांवर डब्या, काउंटरला ऑइलचा तवंग. नासेरचाचा गादीवर बसले होते, पांढरी दाढी, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. त्यांचा मुलगा आतिफ कुणाला तरी बेअरिंग दाखवत होता.

शिवहारनं पट्टा काउंटरवर टाकला. "हे काय दिलं, चाचा?"

"काय झालं, बेटा?"

"काल साऱ्या गावासमोर गाडी बंद पडली. एक महिन्यात पट्टा गेला. दादा गेले म्हून डुप्लिकेट देऊन राहिले का आमाला?"

बेअरिंग बघणारी गिऱ्हाइकं वळली. आतिफ पुढं आला. "भैया, जबान संभालो. ये देखो, कंपनी का नंबर है इसपे."

"नंबर बी छापता येतो."

"आतिफ," चाचा म्हणाले. आतिफ गप्प झाला. चाचांनी पट्टा उचलला नाही. शिवहारकडं बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू म्हातारा झाला. "तुझ्या बापानं कधी बिल मागितलं न्हाई माझ्याकडं. एवढ्या सालात एकदा बी न्हाई. बस, इतनाच बोलतो."

"तेच चुकलं त्यायचं."

आता बोलले नसते तर ते दुकान आम्हाला कायमचं तुटलं असतं. बोलले तर चारचौघांत माझ्या सासूचा हात निघाला असता. मी पुढं जाऊन दुपटं काउंटरवर ठेवलं, डाग वर करून.

शिवहारला कळेना. "हे काय?"

"वास घ्या," मी म्हणाले.

त्यानं घेतला. परत घेतला. मग पट्ट्याची आतली बाजू नखानं खरवडली आणि नख बघत राहिला. त्याचे कान लाल झाले. त्यानं तोंड उघडलं, पण सगळे ऐकत होते, म्हणून पुन्हा मिटलं.

चाचांनीही पट्ट्याचा वास घेतला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा गिऱ्हाइकांना म्हणाले, "तुमी जरा बाद में या." माणसं गेल्यावर त्यांनी मला स्टूल दिलं. आतिफला चहा सांगायला पाठवलं.

"वैनीनं मळला?" त्यांनी शिवहारला विचारलं.

शिवहारनं मान हलवली.

"गाडी घेतली त्या साली लिंबाजीभाऊ असाच पट्टा घेऊन आले. पोळ्याच्या आदल्या राती गाडी शेतात गरम झालती. म्या बोललो, ये तो घी है, भाऊ. ते हसले. म्हणले, मालकिणीनं खांदा मळला. म्या म्हणलं, मंग घरात सांगा, पट्ट्याला तूप चालत न्हाई." चाचांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तर म्हणले, नासेरभाई, बैल विकले तवा ती लई दिस जेवली न्हाई. आता ह्याच्यात जीव लावून राहिली. म्या कशाला हात धरू तिचा? दोन पट्टे द्या. एक मळायचा, एक पळायचा."

"मंग?"

"मंग काय. दर पोळ्याला दोन. पोळ्याच्या फजरला, अंधारातच उठायचे, मळलेला काढायचे, पुली सोड्यानं धुवायचे, नवा टाकायचे. मला म्हणले व्हते, कुनाला बोलू नका. म्हून तुला तोंडानं न्हाई सांगितलं म्या. पट्टा पुढं ठेवला. तू न्हाई म्हणाला."

शिवहार काउंटरची कड धरून उभा होता. मामंजी गेले तेव्हा तो माणसांत होता, सगळ्यांचं बघत होता, रडला नव्हता. आताही रडला नाही. फक्त पट्ट्यांच्या त्या लोंबत्या रांगांकडं वर बघत राहिला.

"चाचा, चुकलं माझं."

"पहले चाय पी." चहा आला. लेकीनं चाचांच्या दाढीकडं हात केला. त्यांनी बोट पुढं केलं, काळ्या रेघांचं, ऑइल मुरलेलं, आणि तिनं ते धरलं ते सोडेचना. "मुझे बोला तो बोला, बेटा. मी विसरलो. घर जाके माँ को मत बोलना."

"तिनं इचारलं तर?"

 चाचांनी एका हातानंच फळीवरून पट्टा काढला, दुसरं बोट लेकीकडं होतं.

"दोन द्या," शिवहार म्हणाला.

*

परतताना त्यानं मोटारसायकल एकदाच थांबवली, नदीच्या पुलावर. खाली न उतरताच म्हणाला, "खोटं बोलू का तिला?"

"काय बोलाल?"

"पाइप फुटला म्हनतो."

"त्या ट्रॅक्टरपाशी येतीलच. पाइप बघतील."

त्यानं पुन्हा किक मारली.

आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या. तांदूळ निवडत होत्या, पण सुपातले तांदूळ कधीच निवडून झालेले दिसत होते. आम्ही उतरलो. त्यांनी लेकीकडं बघितलं, हात पुढं केला नाही.

"काय निघालं?"

शिवहारनं एक पट्टा हातात घेतला होता, दुसरा मी पिशवीत तळाशी घातला होता. तो पायऱ्यांपाशी उभा राहिला.  मी लेकीचं टोपडं सारखं करत राहिले, त्याच्याकडं बघवेना.

आत्याबाई पट्ट्याकडं बघत होत्या.

"नवा हाय का रे त्यो?"

"व्हय."

"आता आनलास व्हय." त्यांनी सूप खाली ठेवलं. "पोळ्याला आनाया पायजे व्हता. ते दर साली पोळ्याच्या सकाळी नवा घालायचे. मी चूल पेटवताना बगायची. येकदा इचारलं मी, काहून वो, चांगला तर व्हता कालचा. तर म्हनले, बैलाला पोळ्याला नवा कासरा घालतो का न्हाई? मंग याला बी नवा." त्या उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, पण उठल्या. "या साली कुनी घातलाच न्हाई. मला बी याद ऱ्हायली न्हाई. मी म्हनते, सारी रात म्या काय काय इचार केला, आन् हे धेनातच आलं न्हाई. जुनाच घालून तोरणाखाली नेला की रे त्याला. मंग रुसंल न्हाई तर काय?"

शिवहारनं पट्टा ओट्यावर ठेवला.

"ऱ्हायलं, माय," तो म्हणाला. "माझंच ऱ्हायलं. नासेरचाचा देत व्हते, म्याच न्हाई म्हणलं."

"त्यायला ठावूक आसनार," आत्याबाई म्हणाल्या आणि माझ्या कडेवरून लेकीला घेतलं. नुसतं घेतलं नाही, ओढून घेतलं. तिच्या मानेत तोंड खुपसलं. लेक खिदळली.

शिवहारनं सोड्याच्या पाण्यानं पुली धुतली. पुन्हा धुतली. रेडिएटरमध्ये पाणी भरलं, पट्टा चढवला, नट आवळला, अंगठ्यानं दाबला. ट्रॅक्टर चालू करून बराच वेळ पंख्याकडं बघत उभा राहिला. पंखा फिरत होता, आवाज सरळ होता. बॉनेट लावलं. मला वाटलं आता बंद करील. त्यानं केला नाही. वर चढून गिअर टाकला.

"कुठं?" मी विचारलं.

"माय, चल," तो म्हणाला.

आत्याबाईंना सांगावं लागलं नाही. त्यांनी लेकीला माझ्याकडं दिलं, पदर डोक्यावरून घेतला आणि चालत पुढं झाल्या, बैलापुढं चालतात तशा, मागं न बघता. ट्रॅक्टर त्यांच्या चालीनं, पहिल्या गिअरमध्ये, मागं निघाला. त्यांच्या मागं मी.

मारुतीपुढं कुणी नव्हतं. तुटलेल्या तोरणाची पानं मातीत पडली होती, कालच्या शेणाचे पो वाळत होते. रुक्माबाई दारात भांडी घासत होती, तिचा हात थांबला. जळबा पारावर तंबाखू मळत बसला होता.

"शिवहार, आरं पोळा काल झाला की. आज काय काढलं?"

शिवहारनं ट्रॅक्टर थांबवला नाही. आत्याबाई देवळाच्या कोपऱ्यावरून वळल्या होत्या, त्यांच्या मागं त्यानं स्टेअरिंग वळवलं.

"दोन फेऱ्या ऱ्हायल्या व्हत्या," तो म्हणाला.